एका नावावर पाच माणसं

"कागदावर माणूस आहे तेवढाच दिसला पाहिजे. बोटभर जास्त नाही, बोटभर कमी नाही."

खिडक्यांच्या कारखान्यातल्या ताई हे दिवसातून एकदा तरी म्हणायच्याच. कुणी हजेरीत अर्धा तास वाढवून मागितला, की चष्मा कपाळावर चढवून त्या हे म्हणायच्या. कुणी स्वतःहून अर्धा तास कमी सांगितला, तरी हेच म्हणायच्या. पहिल्याला राग यायचा, दुसऱ्याला आश्चर्य वाटायचं. ताईंना मात्र दोघेही सारखेच. दोघांनीही कागद बिघडवायचा प्रयत्न केलेला असायचा.

ताई या कारखान्यात आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. काम होतं काचा पुसण्याचं. तयार खिडकीवर कारागिरांच्या बोटांचे ठसे राहतात. ओल्या रद्दी कागदाने ते घासून काढायचे आणि काच अशी करायची, की समोरच्याला ती आहे हेच कळू नये. कोपऱ्यातल्या खोलीत म्हातारे हिशेबनीस बसायचे. त्यांची नजर उतरत चालली होती, पण कबूल कोण करतो? ते खोलीतून हाक मारायचे, "ए काचवाली, जरा इकडे ये. हा आकडा तीन आहे की आठ?" ताई जायच्या, सांगायच्या, परत येऊन काच पुसायच्या. आधी दिवसातून एकदा, मग दहादा. शेवटी हिशेबनीस म्हणाले, "आता स्टूल घेऊन इथेच बस. तुझं येणं-जाणं माझ्याच्याने ऐकवत नाही." सहा वर्षांनी ते निवृत्त झाले, तेव्हा ताई स्टुलावरून त्यांच्या खुर्चीत सरकल्या. मधे कुणाला विचारायची वेळच आली नाही.

शाळा सातवीपर्यंतच झालेली. पण कर खात्याकडून दरवर्षी नियमांचं जे पुस्तक यायचं, ते ताई पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या. लोक कादंबरी वाचतात तसं. लाल पेन्सिलीने खुणा करायच्या आणि समासात भांडायच्या. 'हे आधी का नाही सांगितलं?' असं एका पानावर, तर 'इथे लिहिणाऱ्याला झोप आली होती' असं दुसऱ्या पानावर. गावातला वकीलसुद्धा कधीकधी फोन करून त्यांना विचारायचा आणि मग तेच आपल्या अशिलाला सांगून फी घ्यायचा. ताईंना हे ठाऊक होतं. त्या म्हणायच्या, "घेऊ दे. त्याला कोट इस्त्री करावा लागतो."

कारखान्यात माणसं दोन तऱ्हेची होती. आतली आणि बाहेरची. आतली म्हणजे पगारी. त्यांचा कर पगारातूनच कापला जायचा. त्यांना त्याची फारशी फिकीर नसायची. बाहेरची म्हणजे ठेक्याने काम करणारी. ट्रकवाला, काच कापणारा आणि खिडक्या बसवणाऱ्या टोळ्या. त्यांना काम झालं की पैसे मिळायचे, पुरे हातात. कर ज्याचा त्याने भरायचा. म्हणून वर्ष संपलं की महिन्याभरात कारखान्याने कर खात्याला कळवायचं, की बाहेरच्या कुणाला किती दिले. माणसाचं नाव, त्याचा क्रमांक आणि वर्षाची एकूण रक्कम. त्याचीच एक प्रत त्या माणसाला. ठराविक रकमेच्या आत असेल तर कळवायची गरज नाही. वरती गेलं की कळवायलाच हवं. हे विवरणपत्र ताई तेवीस वर्षं भरत होत्या. एकदाही परत आलं नव्हतं.

आता टोळीची रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या रीतीमुळे घडलं.

खिडकी बसवणं हे पाच जणांचं काम. दोघांनी चौकट उचलायची, एकाने पातळी बघायला पाणसळ धरायची, एकाने पाचरा ठोकायच्या आणि एकाने कडा भरून पुट्टी फिरवायची. पण पैसे घ्यायला पाच जण कधीच यायचे नाहीत. एकच यायचा. त्याला सगळे 'हात' म्हणायचे. टोळीत ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास, तो हात. बाकीचे चौघे फाटकाबाहेर बाकावर बसायचे. हात पाकीट घेऊन यायचा आणि बाकावर नोटा पत्ते वाटावेत तशा वाटायचा. एक याला, एक त्याला, एक स्वतःला. शेवटी जे उरेल त्याचा चहा. कुणी आपला वाटा मोजायचा नाही. मोजला तर ती हाताची बेअब्रू. एकाने फार वर्षांपूर्वी मोजला होता म्हणे. त्याला दुसऱ्या दिवशी कुणी कामावर बोलावलं नाही.

ताईंना ही रीत आवडायची. वहीत त्या हाताचंच नाव लिहायच्या, कारण पैसे त्यानेच घेतलेले असायचे. रक्कम लहान असायची. वर्षभरातही कळवण्याएवढी कधी होत नसे.

गेल्या वर्षी मात्र नव्या दवाखान्याचं काम आलं. चार मजले, तीनशे चाळीस खिडक्या. एकाच टोळीने त्या बसवल्या. या टोळीचा हात एक उंच, खांदे किंचित पुढे झुकलेला माणूस होता. तो दर वेळी खिडकीपाशी वाकून पैसे घ्यायचा आणि म्हणायचा, "बरं आहे ना, ताई?" वर्षभरात त्याने वाकून वाकून आठ लाख वीस हजार नेले. वर्ष संपल्यावर ताईंनी विवरणपत्र भरलं, त्याच्या नावापुढे आठ लाख वीस हजार लिहिले, शिक्का मारला आणि पाठवून दिलं.

दोन महिन्यांनी एका मंगळवारी हाताची बायको कारखान्यात आली. ती घरी शिवणकाम करायची. ओढणीला दोन टाचण्या तशाच टोचलेल्या होत्या. ताईंनी तिला स्टूल दिलं. ती बसली नाही.

"ताई, हे जरा वाचून सांगता? म्हणजे मी वाचलंय. पण तुम्ही वाचा."

पत्र परिचारिका महाविद्यालयाचं होतं. हाताची थोरली मुलगी तिथे दुसऱ्या वर्षाला होती. तिला फी माफ होती, कारण घरचं उत्पन्न एक लाख ऐंशी हजारांच्या आत. आता कर खात्याच्या नोंदीप्रमाणे वडिलांचंच उत्पन्न आठ लाख वीस हजार दिसतं. सबब माफी रद्द. दोन्ही वर्षांची फी महिनाअखेर भरावी, अन्यथा नाव कमी करण्यात येईल.

महिनाअखेरीला एकोणीस दिवस होते.

"आठ लाख," हाताची बायको म्हणाली. "ताई, आठ लाख आमच्या घरात असते तर मी लोकांच्या ब्लाउजांना हूक लावत बसले असते का? मी त्यांना विचारलं, कुठे ठेवलेत? दुसरं घर केलंय का कुठे?"

"मग काय म्हणाला?"

"काय म्हणणार! कान लाल झाले. बोललेच नाहीत. मी म्हटलं, ताईंकडे चला, तर म्हणतात, ताईंनी दिलेला कागद आहे, बरोबरच असणार. दोन महिने कपाटात कपड्यांखाली ठेवलाय. उघडलासुद्धा नाही."

ताईंना ते शेवटचं वाक्य लागलं. पत्र त्यांनी दुसऱ्यांदा वाचलं नाही. त्याची गरजच नव्हती. आपण काय केलंय ते त्यांना पहिल्याच ओळीत कळलं होतं. ज्याने घेतले त्याचं नाव त्यांनी लिहिलं होतं. ज्यांना मिळाले त्यांची नावं लिहिलीच नव्हती. पुस्तकात हा नियम होता. त्याखाली त्यांनीच लाल रेघ मारली होती.

"अगं, तुझ्या नवऱ्याने काही केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. आणि माझी आहे म्हणून ती दुरुस्त होणार. तू टाचण्या काढ आधी, टोचतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा नवरा बेकरीतून घरी आला. तो पहाटेच्या भट्टीवर असायचा. येताना अंगाला पावाचा वास आणि भुवयांवर पीठ. ताई चहाच्या कपापुढे नियमांचं पुस्तक उघडून बसल्या होत्या.

"चहा पितेस की त्याला नियम वाचून दाखवतेस?"

ताईंनी सगळं सांगितलं. त्याने खुर्ची ओढली.

"तेवीस वर्षांत एक चूक. मी रोज चार पाव जाळतो."

"तुझे पाव कुणाला कॉलेजातून काढत नाहीत."

"ते खरं." त्याने भुवयांवरचं पीठ पुसलं. "मग आता?"

"आता काय? दुरुस्तीचं विवरणपत्र असतं. पान एकशे बारा. पाचही जणांची नावं, क्रमांक, प्रत्येकाला किती मिळाले ते आणि प्रत्येकाची सही. मालकाची सही. वर थोडा दंड."

"मालक करेल सही?"

"मी त्याला अर्ध्या चड्डीत पाहिलंय," ताई म्हणाल्या आणि चहा एका घोटात संपवला.

मालक आता चाळिशीचा होता, पण ताईंसमोर बसला की अजूनही खुर्चीत सरळ होऊन बसायचा. त्याने सगळं ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ताई, गेलेलं विवरणपत्र परत उकरायचं म्हणजे झोपलेल्या माणसाला चिमटा काढण्यासारखं आहे. एक दुरुस्ती दिली की ते म्हणतील, आणखी काय काय आहे, दाखवा. त्यापेक्षा मुलीच्या फीसाठी आपण थोडी मदत करू. मी देतो काहीतरी."

"किती द्याल?"

"देईन की. तुम्ही सांगा."

"तुम्ही फी द्याल, पण आठ लाखांवरचा कर कोण भरेल? तो उद्या येईल. परवा दुसऱ्या मुलीची माफी जाईल. तुम्ही दरवर्षी देणार का? आणि तुम्ही दिलेत तरी हात घेणार नाही. मालक, आज आपण होऊन सांगितलं तर ती दुरुस्ती. उद्या त्यांना सापडलं तर ती लबाडी. पान एकशे तेरा."

"दंड?"

"माझ्या पगारातून कापा."

"छे! लोक काय म्हणतील, मालकाने ताईंचा पगार कापला?" मालक एकदम लाल झाला. मग हसला. "तुम्ही हे मुद्दाम बोललात."

"हो," ताई म्हणाल्या. "इथे सही. आणि इथे."

टोळी तेव्हा एका शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर काम करत होती. जिन्याला कठडे बसले नव्हते. ताई भिंतीला हात लावत, पिशवी छातीशी धरून वर चढल्या. रिकाम्या वर्गात पाच जण होते. एक चौकट भिंतीत बसवलेली होती आणि तिच्यातून वारा सरळ आत येत होता. हाताने त्यांना पाहिलं आणि तो चौकटीमागे जाऊन उभा राहिला, जणू तिथे लपता येतं.

ताईंनी सिमेंटच्या पोत्यावर वर्तमानपत्र घातलं आणि त्या बसल्या. काय झालंय ते सांगितलं, चूक कुणाची तेही सांगितलं आणि काय हवंय तेही.

आधी पुट्टीकाका बोलले. ते टोळीत सर्वांत वयस्क. त्यांची नखं कायमची पांढरी होती.

"बाई, तुमचा मान ठेवून सांगतो. आम्ही याच्याकडून घेतलेले पैसे आजवर मोजले नाहीत. आणि आता सरकारपुढे सही करून सांगायचं, मला याने इतके इतके दिले म्हणून? याचा अर्थ काय होतो?"

"अर्थ होतो, की आमचा माझ्यावरचा विश्वास गेला," हात चौकटीमागून म्हणाला. एवढं बोलून तो स्वतःच गोंधळला. "म्हणजे यांचा. माझ्यावरचा. मी काय म्हणतो ताई, राहू द्या. मी जास्तीचं काम घेईन. रविवारी पण."

"किती रविवार?" ताई म्हणाल्या. "मी हिशेब केलाय. अडीचशे रविवार लागतात. तोवर पोरगी आजी होईल."

कुणीतरी हसलं. तो टोळीतला गाणारा होता. काम करताना गातो म्हणून त्याचं नाव तसं पडलं होतं. पण आवाज असा, की बाकीचे त्याला थांबायला सांगण्यासाठी पाळ्या लावायचे.

ताई उठल्या आणि भिंतीतल्या चौकटीपाशी गेल्या. तिच्यावर थाप मारली.

"ही किती वजनाची?"

"काचेसकट पंचेचाळीस किलो," पुट्टीकाका म्हणाले.

"ही याने एकट्याने बसवली?"

"एकट्याने कशी बसेल, बाई? काहीतरीच."

"मग माझा कागद म्हणतोय, दवाखान्याच्या तीनशे चाळीस खिडक्या याने एकट्याने बसवल्या. तुम्ही चौघं तिथे नव्हतातच. तीनशे चाळीस वेळा तुम्ही घरी झोपला होतात. हे मी लिहिलंय, शिक्का मारून. काका, तुम्ही पुट्टी फिरवलेल्या कडा मी पाहिल्यात. बोट फिरवलं तर कुठे अडकत नाही. त्या पुट्टीवर याचं नाव घातलंय मी. चालेल तुम्हाला?"

पुट्टीकाकांनी आपल्या पांढऱ्या नखांकडे पाहिलं.

"हे मी कुणाचं चालवून घेतलेलं नाही," ते म्हणाले.

"मग? याने किती दिले हे मी विचारतच नाहीये. तुम्ही किती कमावले हे विचारतेय. पैसे कारखान्याचे. कष्ट तुमचे. हा फक्त घेऊन आला. उद्याही हाच घेऊन येईल. माझ्या खिडकीत दुसरा कुणी वाकलेला मला चालायचा नाही."

हात चौकटीमागून पुढे आला.

"आणि कर?" पुट्टीकाकांनी विचारलं. "आम्हाला बसेल तो?"

"तुम्हाला थोडा बसेल. तुमचं दुसरीकडचंही काम असतं. आठवड्याच्या कमाईइतका. खोटं नाही सांगणार. बाकीच्यांना नाही बसायचा."

काकांनी मान हलवली. "बसू दे. आजवर घरात कुणी कर भरलेला नाही. बायको अहोजाहो करायला लागेल." सगळे हसले आणि त्या हसण्यात काम सोपं झाल्यासारखं वाटलं.

ताईंनी चष्मा नाकावर घेतला. "आठ लाख वीस हजार, भागिले पाच. प्रत्येकी एक लाख चौसष्ट. बरोबर? पाचही जण वर्षभर होतात ना?"

कुणी 'हो' म्हणालं नाही.

ताईंनी पेन्सिल थांबवली. "कोण नव्हतं?"

गाणाऱ्याने पाय पुढे केला. "माझा पाय मोडला होता. दोन महिने. पण वाटा मला मिळायचा. हा घरी आणून द्यायचा, उशाशी ठेवायचा. आमच्यात पडलेल्याचा वाटा बंद होत नाही."

"मग ते दोन महिने काम चौघांनी केलं."

"बाई, पाचाने भागा की," पुट्टीकाका म्हणाले. "एवढं कोण बघतंय?"

"मी बघतेय."

ताईंनी खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवला. त्या दोन महिन्यांत टोळीला एक लाख साठ हजार मिळाले होते. चौघांत चाळीस-चाळीस हजार. उरलेले सहा लाख साठ हजार पाच जणांत, म्हणजे एक लाख बत्तीस. चौघांचे प्रत्येकी एक लाख बहात्तर हजार. हाताच्या बायकोच्या शिवणाचे वर्षाचे साडेसहा हजार मुलीच्या अर्जात आधीच लिहिलेले होते. दोन्ही मिळून एक लाख साडेअठ्ठ्याहत्तर हजार. मर्यादा एक लाख ऐंशी हजारांची.

दीड हजाराने मुलगी आत राहत होती. फक्त दीड हजाराने.

हाताने तो आकडा पाहिला आणि त्यावर बोट ठेवलं. "ताई, पाचाने भागलं तर साडेनऊ हजार मोकळे राहतात. दीड हजार म्हणजे अगदीच कडेवर आहे. कुणी फुंकर मारली तरी..."

"फुंकर मारून बघू दे. खरा आकडा कडेवर असला तरी पडत नाही. खोटा आकडा मधोमध बसवला, आणि उद्या कुणी याच्या प्लास्टरचा कागद काढून विचारलं, की हा त्या महिन्यांत खिडक्या उचलत होता का, तर सगळंच कोसळेल. तुझी मुलगीही, मीही."

"पण मग माझं काय लिहिणार?" गाणारा एकदम म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "ते दोन महिने मी काय, भीक खाल्ली? असं लिहिणार कागदावर?"

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्याच मुलाच्या वयाचा होता तो.

"तुझ्या नावापुढे त्या दोन महिन्यांचं काहीच लिहिणार नाही. या चौघांनी आपल्या कमाईतून तुला दिलं. ते यांचं आणि तुझं. कारखान्याचा त्याच्याशी संबंध नाही, कर खात्याचा नाही, माझाही नाही. कागदाने तिथे नाक खुपसायचं नसतं. कळलं?"

गाणाऱ्याने हळूहळू मान डोलावली. मग म्हणाला, "पेन द्या."

त्याची सही पहिली झाली. हाताची शेवटची. अक्षर उंच आणि सरळ आलं.

कर खात्याच्या कचेरीत पुढच्या मंगळवारी गर्दी होती. ताईंचा नंबर बेचाळिसावा. त्यांनी बाकावर बसून शेजारच्या दोन माणसांचे अर्ज तपासून दिले. एकाने रकाना चुकवला होता. दुसऱ्याने सगळं बरोबर लिहून खाली दुसऱ्याच वर्षाची तारीख टाकली होती.

काउंटरवरच्या कारकुनाने कागद उलटेपालटे केले. सह्या पाहिल्या. मग तो एका चौकोनावर थांबला.

"दुरुस्तीचं कारण. इथे तुम्ही लिहिलंय, 'पाच जणांचं काम एकाच्या नावावर लिहिलं. चूक हिशेबनिसाची, म्हणजे माझी.' बाई, असं कुणी लिहीत नाही. 'तांत्रिक अडचण' लिहा. सगळे तेच लिहितात."

"तांत्रिक काही नव्हतं. पेन चालू होतं, शाई होती, उजेड होता."

"पण याने तुमच्या नावावर शेरा येईल."

"माझ्या नावावर यायलाच हवा. दुसऱ्या कुणाच्या नावावर आला, तर मला परत यावं लागेल, आणि नंबर परत बेचाळिसावा."

कारकून हसला. त्याने पाचही जणांच्या रकमा स्वतः मशीनवर मारून पाहिल्या. एकदा. दुसऱ्यांदा. ताई शांत उभ्या होत्या. त्यांनी ती बेरीज सहा वेळा केली होती, शेवटची येताना बसमध्ये, नुसत्या डोक्यात.

"बरोबर आहे," तो म्हणाला आणि शिक्का मारला. "नोंद बदलायला आठ दिवस लागतील. तोवर ही पोच दाखवा."

महिनाअखेरीला तेव्हा बारा दिवस होते. नोंद बदलायला आठ नाही, नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत हाताची बायको दोनदा कारखान्यात आली. दुसऱ्यांदा ताईंनी तिला रागावून परत पाठवलं. "तू इथे येऊन बसलीस म्हणून तिकडचा कारकून लवकर लिहीत नाही. जा, हूक लाव." पण ती गेल्यावर ताईंनी स्वतःच कचेरीला फोन लावला. त्या दिवशी तो तिसरा होता.

दहाव्या दिवशी पाच जणांच्या पाच नव्या प्रती आल्या. ताईंनी त्यांतली एक पिशवीत घातली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि हाताच्या बायकोला घेऊन महाविद्यालयात गेल्या. मुलगी पायऱ्यांवर वाट पाहत होती. निळा गणवेश, केस घट्ट बांधलेले. रात्रभर झोपली नसावी. ती ताईंना पहिल्यांदाच पाहत होती. तिला वाटलं होतं, बाई मोठ्या थोराड असतील. या तर तिच्या खांद्याएवढ्याच होत्या.

फी विभागातल्या बाईंनी प्रत घेतली, संगणकावरची नोंद पाहिली, परत प्रत पाहिली.

"एक लाख बहात्तर. अधिक शिवणाचे साडेसहा. एक लाख साडेअठ्ठ्याहत्तर." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अगदी काठावर आहे."

"आत आहे," ताई म्हणाल्या.

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग ड्रॉवर उघडला, मुलीच्या फायलीवरची लाल पट्टी ओढून काढली आणि ती बोटांत गोळा करून टोपलीत टाकली. माफी कायम. त्यांनी दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि मुलीला म्हणाल्या, "जा वर्गात. उशीर झाला म्हणून माझं नाव सांगू नकोस."

बाहेर व्हरांड्यात हाताची बायको रडायला लागली. रडता रडता ताईंचा हात धरून काहीतरी बोलत होती. त्यातले शब्द कळत नव्हते. फक्त 'ताई, ताई' तेवढं कळत होतं.

"पुरे आता," ताई म्हणाल्या. "चुकले मी, निस्तरलं मी. आभार कसले मानतेस? उलट मला दोन शिव्या दे, म्हणजे फिटंफाट होईल."

"तुम्हाला कशी शिवी देऊ?"

"जमत नसेल तर राहू दे. सवयीचं काम आहे ते." मग मुलीकडे वळल्या. "तू का उभी आहेस? इंजेक्शन द्यायला शिकलीस का?"

"हो, ताई."

"दुखतं?"

"नीट दिलं तर नाही."

"मग नीट दे," ताई म्हणाल्या. त्यांनी घड्याळ पाहिलं. ट्रकवाल्याचं बिल दोनच्या आत काढायचं होतं. पिशवीची चेन ओढली, ती काखेत मारली आणि निघाल्या.

मुलगी वर्गात जायला जिना चढली, पण पहिल्या मजल्यावर कठड्यापाशी थांबली. खाली आई डोळे पुसत बाकावर बसली होती. तिच्यापलीकडे ताई आवारातून चालल्या होत्या, लहान पावलं टाकत, भराभर. फाटकाजवळ एक टेम्पो आडवा लावलेला होता. ताई थांबल्या आणि त्यांनी ड्रायव्हरला काहीतरी सुनावलं. ड्रायव्हरने मुकाट टेम्पो मागे घेतला. ताई फाटकातून बाहेर पडल्या आणि रस्त्याच्या वळणाकडे गेल्या. मुलगी वर्गाची घंटा वाजून गेली तरी तिथेच उभी राहून त्यांच्याकडे पाहत होती.